नाल

गेल्या हिवाळ्यात भिलाईतल्या एका मराठी कार्यक्रमाला नागपूरहून वक्ते आले होते. विषय महाभारताचा होता, पण भिलाईत येऊन महादेव अ‍ॅपबद्दल न बोलणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाचं नाव न घेण्यासारखं. त्यांनी धर्मराजापासून सुरुवात केली, थेट सुपेल्याच्या पोरांपर्यंत आले आणि निकाल देऊन टाकला: जुगार हा माणसाच्या रक्तातला दोष आहे, घाम न गाळता मिळणाऱ्या पैशाची हाव आहे, आणि ती युधिष्ठिराला चुकली नाही तिथे तुमच्या-आमच्या पोरांची काय कथा. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी प्लांटमधून निवृत्त झालेले एक काका बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभागृहात दीडशेक माणसं असतील. पैसे लावून खेळणं हा ज्याचा काही वर्षं पोटाचा धंदा होता, असा त्यांत बहुधा मी एकटाच. त्या निकालावर मला अपील करायचं आहे.

२००१ ते २००८ अशी सात वर्षं मी पूल खेळून जगलो. हिरव्या कापडाचं टेबल, सहा खिसे, पंधरा रंगीत गोळे आणि एक पांढरा. वडील रेल मिलमध्ये होते. शेजाऱ्यांना ते सांगत, पोरगा कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. आई काही सांगत नसे.

आधी घामाचं बोलू. सुपेल्यातल्या एका तळघरात चार टेबलं होती. सकाळी दहा ते दोन दर निम्मा असायचा, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसे. त्या चार तासांत मी एकच फटका दीडशे-दोनशे वेळा मारायचो. रंगीत गोळा खिशात घालणं महिन्या-दोन महिन्यांत कुणालाही जमतं. प्रश्न असतो तो नंतर पांढरा कुठे थांबतो याचा. त्याला पोटाखाली मारलं तर तो मागे येतो, डोक्याजवळ मारलं तर पुढे धावतो, एका कुशीला मारलं तर कुशनला लागून भलत्याच कोनात वळतो. पुढचा फटका सोपा की अवघड, हे आधीचा फटका ठरवतो, आणि चांगला खेळाडू तीन फटके पुढे उभा असतो. त्यात भिलाईची हवा. मे महिन्यात लू चालते तेव्हा कापड सुकून गुळगुळीत होतं आणि गोळा थांबायचं नाव घेत नाही. जुलैत तेच कापड ओल धरतं आणि गोळा चिखलातून चालल्यासारखा चालतो. तीन नंबरचं टेबल जिन्याच्या बाजूला सूतभर ढळलेलं होतं. हळू मारलेला गोळा शेवटच्या वितीत तिकडे झुकायचा. हे ज्याला ठाऊक, त्याचं दोन वेळचं जेवण निघायचं. वक्त्यांना हा फुकटचा पैसा वाटतो. वाटो. रेल मिलमध्ये बाबा रुळाचा सरळपणा तपासायचे, आणि टेबलाच्या कडेला डोळा लावून मी जे करायचो ते त्यापेक्षा फार वेगळं होतं असं मला अजून वाटत नाही.

हे सगळं मला शिकवलं एका मार्करकाकांनी. मार्कर म्हणजे क्लबातल्या बिलियर्ड्सच्या खोलीचा नोकर. गुण मांडायचे, गोळे लावायचे, क्यूच्या टोकाला नवं चामडं चिकटवायचं, आणि साहेबांना जोडीदार मिळाला नाही तर त्यांच्याशी खेळून बेताने हरायचं. टाऊनशिपमधल्या एका क्लबात त्यांनी तीसेक वर्षं हे केलं. निवृत्तीनंतर ते आमच्या तळघरात स्टूल टाकून बसत. "बेटा, जीतना तो सीख जाएगा, कितने से हारना है वो सीख," हा त्यांचा मला पहिला धडा. त्या क्लबात त्यांच्या जवळपास जाईल असा एकही सभासद नव्हता, आणि त्यांच्या नावाचा एकही चषक नव्हता. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण त्या किताबातल्या 'हौशी' या शब्दाशी मी दर वेळी अडखळतो. त्याच टेबलावरचं तेच कसब पोटासाठी वापरलं की दारात पोलीस येतो.

आणि गंमत अशी की या खेळाचं नावच पैशावरून पडलेलं आहे. 'पूल' म्हणजे खेळणाऱ्यांनी मिळून मध्ये टाकलेली रक्कम. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे) पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ब्लॅक पूलमध्ये आणखी रंगीत गोळे घातले आणि स्नूकर जन्माला आला. जबलपूर काय, दुर्ग काय, दोन्ही तेव्हा मध्य प्रांतातच. त्या मेसमधल्या साहेबांच्या रक्तात दोष होता असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता माझी काळी बाजू. ती लपवून अपील टिकणार नाही.

पूल खेळून जगणारा माणूस मुख्यतः लपवण्यावर जगतो. पहिला तास हरायचं, तेही पटेल असं. सोपा गोळा खिशाच्या ओठाला लावून सोडायचा. मग वैतागल्यासारखं करून पैसे वाढवायचे. चेहरा ओळखीचा झाला की त्या गावातला धंदा संपला, म्हणून रेल्वेमार्ग धरायचा: दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर, आणि उलट्या दिशेला रायपूर, बिलासपूर. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस हे या खेळातले माझ्या मते सर्वांत मोठे खेळाडू. काकांच्या पूल हॉलमध्ये पोरवयात टेबलावरच झोपणारा हा माणूस १९८५ मध्ये अमेरिकेत खेळायला गेला तो सीझर मोरालेस या दुसऱ्याच नावाने, कारण खऱ्या नावाची कीर्ती पुढे पोचली होती आणि ओळखलं असतं तर पैसे लावून समोर कुणी उभं राहिलं नसतं. पुढे १९९९ मध्ये कार्डिफला ते नाइन-बॉलचे जगज्जेते झाले, स्वतःच्या नावाने. मला नाव बदलायची गरज कधी पडली नाही. गोंदियात मला कोण ओळखतं?

२००५ मध्ये रायपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा माझ्यासमोर उभा राहिला. याला खेळता येत नाही हे मला दहा मिनिटांत कळलं होतं. मी त्याला नाइन-बॉलमध्ये आठ दिला. म्हणजे त्याने आठ किंवा नऊ यांतला कुठलाही गोळा पाडला तरी तो जिंकला, मला मात्र नऊच पाडावा लागेल. अशी सूट मिळाली की माणसाला आपण शहाणे वाटायला लागतो. रात्री अकराला त्याच्या खिशातला फीचा हप्ता संपला. तो रडला नाही, पाणी मागितलं फक्त. ते पैसे मी परत केले नाहीत. आजही हे लिहिताना 'मी कसबावर जिंकलो' असं वाक्य मला सुचतं आणि त्या वाक्याची लाज वाटते. जिथे एकाला हरण्याची शक्यताच नाही, तिथे त्याचं कसब हे कसब राहत नाही. त्या रात्री आमच्या दोघांत खेळ झालाच नव्हता.

पण त्याच रात्रीचा हिशेब पुढेही वाचला पाहिजे. मी जिंकलेल्या रकमेतले निम्मे माझ्यावर पैसा लावणाऱ्याचे. तो खुर्चीवर बसून पान खात होता. त्याने क्यूला हात लावला नाही. मी जिंकलो की निम्मे त्याचे, हरलो की सगळे माझ्या नावावर उधार. टेबलाचं भाडं त्या पोराने दिलं, कारण आपल्याकडच्या पूल पार्लरमध्ये एक न लिहिलेला नियम आहे, टेबल मनी हरणाऱ्याचा. कॉलेजची दोन पोरं नुसती गंमत म्हणून खेळायला उतरतात तेव्हाही हा नियम लागू असतो. म्हणजे दिवा लागला की पैज लागलीच. आणि त्या पैजेत पार्लरवाला कधीही हरत नाही. सात वर्षांत मी किती जिंकलो-हरलो याची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर मी शून्याच्या आसपास आहे. पार्लरवाल्याने त्या काळात वरचा मजला चढवला.

अड्डेवाल्याच्या या वाट्याला आमच्याकडे नाल म्हणतात. पत्ते असोत, फासे असोत, तीतर-कोंबडे असोत, बैठक ज्याची त्याला प्रत्येक डावामागे नाल द्यायची. नाल काढणारा खेळत नाही. त्याला दैव लागत नाही, कसबही लागत नाही. दरवाजा लागतो आणि गिऱ्हाईक लागतं.

वक्त्यांवर माझा राग आहे तो इथे. त्यांनी महाभारत उघडलं आणि नेमकं हेच पान चिकटवून टाकलं. सभापर्वात हजार खांबांचं आणि शंभर दारांचं ते द्यूतगृह कोणाच्या हुकमाने बांधलं गेलं? धृतराष्ट्राच्या. निमंत्रण कोणाचं? त्याचंच. डाव सुरू होताना दुर्योधन सांगतो की पणाला लावायचं धन माझं, पण माझ्यासाठी फासे टाकतील शकुनिमामा. त्यावर युधिष्ठिर आक्षेप घेतो, की एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला नीट दिसत नाही. हा आक्षेप कुणी मनावर घेत नाही, सभेतही नाही आणि आपल्या व्याख्यानांतही नाही. मला मात्र तिथे खुर्चीवर पान खात बसलेला माझा पैसेवाला दिसतो. युधिष्ठिर चुकला, बायकोला पणाला लावण्यापर्यंत चुकला, त्याला मी सोडवू पाहत नाही. पण द्यूताची सगळी जबाबदारी त्याच्या रक्तावर टाकून बांधकाम खात्याला मोकळं सोडायचं, हा कुठला न्याय?

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई, ज्या इथल्या स्टील प्लांटमध्येही नोकरीला होत्या आणि ज्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्यांची पंडवानी मी लहानपणापासून ऐकली. दुःशासनवध गाताना त्यांच्या हातातला तंबुरा भीमाची गदा होतो. समोर बसलेल्या गावाला राग कोणावर धरायचा ते बरोबर कळतं. मोह वाईट असा धडा घेऊन त्या मैदानातून कुणी घरी जात नाही.

आणि वक्ते विदर्भातून आले होते, तर त्यांना विदर्भाचीच गोष्ट कशी आठवली नाही? दमयंती विदर्भाची. तिचा नल द्यूतात राज्य घालवतो, वनात भटकतो, सारथी होतो. वाटेत राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाच्या फांद्यांवरची पानं-फळं एका नजरेत मोजून दाखवतो. त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. नल ती मोजणी शिकतो, परत जातो आणि पुष्कराला त्याच खेळात हरवून राज्य घेतो. त्या दुसऱ्या डावाला आपली परंपरा पाप म्हणत नाही. ती त्याला विद्या म्हणते.

इतकी साधी गोष्ट कायद्यालाही ठाऊक होती. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मी वाचला तो एका रात्री कोठडीबाहेरच्या बाकावर बसून झाल्यावर, वकिलाच्या ऑफिसात. त्यात जुगारअड्ड्याची व्याख्याच अशी आहे की जिथे मालक जागेच्या किंवा साधनांच्या वापरातून नफा काढतो ते घर. म्हणजे नाल. अड्डा चालवणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, सापडलेल्या खेळाडूला शंभर रुपये किंवा एक महिना. इंग्रजांनीसुद्धा मालकाचा गुन्हा खेळाडूच्या दुपटीहून कमी धरला नव्हता. आणि बाराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सगळ्यातून वगळलं. या कलमाच्या आधाराने मी त्या रात्री सुटलो असतो, पण हवालदाराला पूल हा कौशल्याचा खेळ आहे हे पटवायला टेबल हवं होतं.

या बाराव्या कलमाचं पुढे जे झालं ते माझ्या रागाचं दुसरं कारण. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारातून वेगळ्या काढल्या. १९६८ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत. हे निकाल हातात घेऊन मोबाइलवरच्या रमीच्या आणि फँटसी क्रिकेटच्या कंपन्या पंधरा वर्षं देशभर फिरल्या. कौशल्य, कौशल्य, कौशल्य. पण १९६८ च्या त्याच निकालात पुढे न्यायालय म्हणतं की क्लबाचा मालक जर रमीच्या डावातून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हा अर्धा भाग जाहिरातीत आला नाही. कौशल्य खेळाडूचं होतं. त्याच्या नावावर सूट मागितली ती दरवाजेवाल्याने. मार्करकाकांच्या तीस वर्षांच्या मनगटाची ही चोरी आहे असं मी म्हणतो, आणि ते मला अतिशयोक्त वाटत नाही.

महादेवने तर कौशल्याचं सोंगही घेतलं नाही. भिलाईत ज्यूसचं दुकान चालवणारा सौरभ चंद्राकर आणि त्याचा साथीदार रवी उप्पल यांनी दुबईतून हा कारभार चालवला, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक घ्यायचं, आयडी द्यायचा, पैसे कुणाच्या तरी खात्यात भरायला लावायचे; खाली शाखा, त्यांना 'पॅनेल' म्हणायचं, आणि नफ्याची वाटणी सत्तर-तीस. पॅनेलवाला एकूणात कधी तोट्यात जाणार नाही अशीच खेळांची मांडणी होती, असं संचालनालय म्हणतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रास अल खैमाला झालेल्या लग्नात सुमारे दोनशे कोटी रोख उधळले, घरच्यांना न्यायला नागपूरहून खासगी विमानं केली, हेही त्यांच्याच कागदात आहे. राजकारण्यांवर आरोप झाले, त्यांनी ते नाकारले. खटले चालू आहेत, त्यांचा निकाल मी देत नाही. मला फक्त एवढं दिसतं की त्या लग्नाच्या बातम्या आल्या तेव्हा सगळा देश ज्यूसवाल्यावर हसला. ज्यूसवाला हा शब्द मथळ्यात असा वापरला गेला, जणू संत्री पिळणाऱ्याने कोट्यधीश होणं हाच मूळ गुन्हा. नाल काढण्याची ही रीत त्याने शोधली का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष आहे. तो जिंकलेल्या पैशावर शेकडा पाच घेतो, शिवाय फाशांचं भाडं, पाण्याचं आणि जागेचं वेगळं. महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ पासून आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रात कसिनो दिव्यांनी लखलखतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशाच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. कौटिल्याची शेकडा पाच इथे संयमी वाटायला लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाचे खेळ सरसकट बंद करणारा कायदा केला. त्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो: त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. हे माझ्या बाजूचं आहे. ज्या सरकारने दोन वर्षं त्याच खेळांवर कर घेतला त्याने हे करावं, याचं हसू येतं, पण केलं हे बरं केलं. आता समाज मात्र अजून रक्ताच्या गोष्टी करतो.

वक्त्यांनी ज्यांना फुकटखाऊ म्हटलं त्या पोरांपैकी एक मी ओळखतो. पूर्वी तळघरात गोळे लावायचा. हात चांगला होता, धीर कमी. बाप प्लांटमध्ये ठेकेदाराकडे. भिलाईला ठेकेदारीचा अर्थ कुणी सांगायची गरज नाही. ठेक्यावरच्या कामगारांसाठी उभे राहिलेले शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे याच गावात झोपेत मारले गेले, आणि १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. काम एकाचं आणि मधला वाटा दुसऱ्याचा, या गोष्टीवर इथे माणसं मेली आहेत. त्या पोराला कायमची नोकरी मिळणार नव्हती हे त्याला दहावीतच ठाऊक होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, तुझं बँक खातं आम्हाला वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील. त्याने दिलं. मग म्हणाले, आणखी एक हवं. त्याने आईचं जनधन खातं दिलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तिचं मानधन त्याच खात्यात यायचं. त्याने स्वतः एक रुपयाही कुठल्या सामन्यावर लावला नव्हता. खाती गोठली, पोलीस आले, पोरगा आरोपी झाला. अ‍ॅपच्या जाहिरातीसाठी हसलेल्या सिनेनटांना चौकशीच्या नोटिसा गेल्या. अंगणवाडीतल्या बाईला नोटीस गेली नाही, तिचं फक्त मानधन आठ महिने अडकलं. ती माझ्याकडे आली होती, कारण मी "कोर्टाचं जाणतो". तिचा प्रश्न एवढाच होता: "भैया, ओ तो खेलिस घलो नइ, तो जुआरी कइसे होगे?" तो तर खेळलाही नाही, मग जुगारी कसा?

याचं उत्तर मला त्या सभागृहात हवं होतं.

आणि साहित्यिकांनो, तुम्हालाही सोडत नाही, कारण हे तुमच्याच पानांवर छापलं जाणार आहे. तुम्हाला जुगारी फार आवडतो. त्याच्या डोळ्यांतला ताप, शेवटचं नाणं, आयुष्य म्हणजे एक डाव वगैरे. दोस्तोयेव्हस्कीने 'जुगारी' ऑक्टोबर १८६६ मध्ये सव्वीस दिवसांत अ‍ॅनाला तोंडी सांगून लिहून घेतली, हे तुम्ही सगळे सांगता. ती घाई कशासाठी होती, तेही सांगा: स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी करार होता, की ठरल्या दिवशी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं दोस्तोयेव्हस्की जे लिहील ते छापायचा हक्क त्याचा, मोबदल्याशिवाय. रूलेटच्या टेबलाहून जास्त पक्की नाल त्या करारात होती. पण कादंबरीकारांना स्तेलोव्स्की कधी नायक वाटला नाही. तो खेळत नाही ना. त्याच्या डोळ्यांत ताप नाही. म्हणून मराठीतही जुगाऱ्यावर कविता होतात, पण नालीचा हिशेब कथेत क्वचित येतो. माझी सात वर्षांची वही मी एका संपादकांना दाखवली होती. ते म्हणाले, यात माणूस कुठे आहे, नुसते आकडे आहेत. मला ते आकडेच माणूस वाटत होते.

पूल मी २००८ मध्ये सोडला. वडिलांचं ऑपरेशन होतं आणि मनगट दुखायला लागलं होतं, यापेक्षा मोठं कारण नाही. आता क्यू दुरुस्त करतो, टेबलाला कापड लावून देतो. मार्करकाका २०१६ मध्ये गेले. त्यांचा क्यू माझ्याकडे आहे, मधे किंचित वाकलेला. कितीने हरायचं हे ठरवायला तो सोयीचा होता म्हणायचे.

खातेवाला पोरगा तारखेला दुर्गच्या कोर्टात जातो आणि परत येताना कधीकधी माझ्याकडे थांबतो. गेल्या महिन्यात म्हणाला, एक डाव टाकू. तळघर कधीच बंद झालं, पण नेहरूनगरकडे एक नवीन पार्लर निघालं आहे, एसी, तिथे गेलो. पैसे लावले नाहीत. बऱ्याच दिवसांनी खेळत होता, तरी दोन गोळे त्याने असे पाडले की शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला लागली. शेवटचा आठ मात्र घाईत खिशाच्या ओठावर ठेवला. मी तो पाडला. काउंटरवर मी खिशात हात घातला, तर त्याने माझा हात धरला.

"हरलो मी," तो म्हणाला, आणि टेबल मनी मोजायला लागला.